सोपानरावांचं ‘यू’

सोपानराव, मी तुमच्यावर रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते तुमच्या दहाव्याला घाटावर पुष्कळजण बोलले. तुम्हाला आयुष्यात कधी भेटलेही नसतील असे दोन पुढारी माईक धरून ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ म्हणाले आणि मी मागे बायकांत बसून कपाळावर हात मारून घेतला. एका सर्वनामावरून अख्खा उन्हाळा माझ्याशी भांडलेला माणूस म्हणे मनमिळाऊ.

पण राग भांडणाचा नाही. राग याचा आहे की तुम्ही तुमचं काम माझ्या गळ्यात मारून गेलात. घरी मंदाताईंना तुम्ही ‘यू’ म्हणायला लागला होतात. बायकोला इंग्रजीतून हाक मारायचं खूळ तुमच्या डोक्यात का शिरलं, ते जगात फक्त मला माहीत होतं. त्यांना ते तुम्ही स्वतः सांगणार होतात, तसं माझ्यासमोर कबूल केलं होतंत. ‘सांगंन की, घाई काय हाय,’ असं म्हणत म्हणत एका सकाळी गोठ्यात वैरण टाकताना खाली बसलात ते उठलाच नाहीत. आता नवऱ्याच्या मनातली गोष्ट बायकोला शिकवणीच्या बाईनं जाऊन सांगायची. ही काय रीत झाली?

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हाच मला कळायला हवं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी चिखलीत घरीच मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, एका वेळी एकालाच. मोठं माणूस चारचौघांत चुकायला घाबरतं, त्याला चुकायला लोटलेलं दार लागतं. तुम्ही निघोज्याहून मोटरसायकलवर, तळवड्याच्या चौकातली सगळी धूळ अंगावर घेऊन आलात आणि हेल्मेट मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसलात. पुढेही कधी ते खाली ठेवलं नाहीत. बोलणं चुकलं की त्याच्या काचेवर नख घासायचात, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

‘म्याडम, माझं चुकलं काय, तेवढं सांगा,’ हे तुमचं पहिलं वाक्य. मग तुम्ही तो ऑडिटचा किस्सा सांगितलात.

चाकणला तुमच्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात आणि ते घेणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस अधूनमधून तपासणीला येतो. तो ऑफिसात बसत नाही, थेट लाइनवर येऊन विचारतो. तुम्ही शिफ्टचे सुपरवायझर. त्यानं इंग्रजीत विचारलं, हा भाग पास कोण करतं? तुम्ही इमानदारीत सांगितलंत, ‘इनामदार सर. दे चेक. दे साइन.’ त्यानं विचारलं, किती जण सही करतात? तुम्ही म्हणालात, ‘वन.’ मग ‘दे’ म्हणजे कोण कोण? ‘इनामदार सर.’ बरोबर आणखी कोण? ‘नो, नो. ओन्ली इनामदार सर. दे.’ तो माणूस इनामदारसाहेबांच्या मागे कुणी उभं आहे का ते वाकून बघायला लागला, असं तुम्हीच मला सांगितलंत. साहेबांना आपण ‘ते’ म्हणतो, ‘ते’ला इंग्रजीत ‘दे’ म्हणतात, इतका तुमचा सरळ हिशेब. शेवटी त्यानं शेरा मारला की इथे मंजुरी नेमकी कोण देतं ते स्पष्ट नाही. एका माणसाला मान दिला म्हणून कंपनीला बोल लागला, आणि पुढच्या वेळी नीट बोलता आलं नाही तर शिफ्ट दुसऱ्याकडे देऊ, असं इनामदारसाहेबांनी तुम्हाला ऐकवलं.

मी म्हटलं, सोपं आहे. साहेब एक असेल तर ‘ही’ म्हणायचं.

तुम्ही दचकलात. ‘ही?’

‘हो, ही.’

‘ही म्हंजी आमची ही. ती घरी हाय.’

‘अहो, इंग्रजीतलं ही. म्हणजे तो.’

‘मंग त्ये आजून वाईट. इनामदार सायबाला मी तो म्हणू? त्यांच्या तोंडावर?’

‘आणि बाईमाणसाला शी,’ मी रेटून पुढे गेले. तिथेच चुकलं. तुम्ही हळूच म्हणालात, ‘लग्नाच्या बायकोला शी म्हणायचं, म्याडम? आमच्यात ल्हान पोराला शी म्हणत्यात, चड्डीत केल्यावर.’

माझं मूळ गाव लातूरकडे. इतकी वर्षं इकडे काढली, शाळेत शुद्ध बोलले, पण डोकं फिरलं की तिकडची बोली बाहेर पडते. ‘काय बोलायलात तुम्ही?’ असं माझ्या तोंडून निघालं आणि तुम्हाला पहिल्यांदा हसू आलं. पुढे तुम्ही ते मापच करून ठेवलंत. ‘म्याडम चिडल्या का लातूर गाठत्यात,’ असं तुम्ही दुसऱ्या विद्यार्थ्यालाही जिन्यात सांगितलं होतंत, ते मला कळलं होतं.

हुशार विद्यार्थी मी पाहिले, मठ्ठही पाहिले. तुम्ही तिसऱ्याच तऱ्हेचे, सगळं समजलेले आणि तरी न करणारे. हाताखालच्या पोरांना तुम्ही बिनदिक्कत ‘ही’ म्हणायचात. ट्रकवाल्याला, सिक्युरिटीवाल्याला, त्या परदेशी ऑडिटरलासुद्धा. (‘त्याला चालतंय, त्याच्यात पद्धतच हाय.’) पण इनामदारसाहेब, तुमचे वडील, आणि घरच्यांपैकी एक माणूस आलं की ‘दे’. एकदा तुम्ही उशिरा आलात आणि म्हणालात, ‘माय पीपल, दे आर इल.’ घरादाराला विषबाधा झाली की काय असं वाटून मी दवाखान्याची चौकशी करायला लागले, तर नुसता मंदाताईंना ताप. आमची मंडळी म्हणजे माय पीपल. मी तुम्हाला त्या दिवशी ‘माय वाइफ, शी’ वीस वेळा म्हणायला लावलं. तुम्ही ‘माय वाइफ’ मोठ्यानं म्हणायचात आणि पुढचं गिळायचात.

आणि मग तुम्ही ती पळवाट काढलीत. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते म्हणून तुम्ही दुपारी यायचात. त्या गुरुवारी खुर्चीत बसल्या बसल्या तयार करून आणलेलं म्हणून दाखवलंत. ‘इनामदार सर केम. इनामदार सर चेक्ड द पार्ट. इनामदार सर साइन्ड. देन इनामदार सर वेन्ट टू इनामदार सर्स केबिन.’ एकही सर्वनाम नाही. मी कान टवकारून ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि मला चूक सापडेना. असं कुणी बोलत नाही, एवढंच म्हणता आलं. तुम्ही म्हणालात, ‘मी बोलतोय की.’

पुढच्या ऑडिटला तुम्ही तेच केलंत. तो माणूस खूश झाला. प्रत्येक वाक्यात कुणी काय केलं ते नावानिशी. म्हणाला, व्हेरी क्लिअर. तुम्ही माझ्या दारात पेढे घेऊन आलात तेव्हा शर्यतीच्या घाटात पहिला आलेल्या बैलाच्या मालकासारखे दिसत होतात, फक्त अंगावर गुलाल नव्हता. मी पेढा खाल्ला आणि तरीही सांगितलं की हे इंग्रजी नाही. तुम्ही म्हणालात, ‘बरुबर हाय म्याडम, पन शिफ्ट ऱ्हायली.’

इथे खरं तर तुमचं काम झालं होतं. बाकीचे विद्यार्थी असे काम झालं की जातात. मुलाखत झाली, व्हिसा मिळाला की फोनही करत नाहीत, आणि त्यात काही वावगं नाही. तुम्ही पुढच्या गुरुवारीही आलात. मी विचारलं, आता काय राहिलं? तुम्ही हेल्मेटच्या काचेवर नख घासलंत.

‘म्याडम, इंग्रजीत तुमी हाय का?’

‘यू.’

‘आन् तू?’

‘यू.’

‘म्हंजी येकच?’

‘दोन्ही.’

‘आसं कसं? ऐकनाराला कळायचं कसं आपल्याला तू म्हणला का तुमी?’

‘बोलणाऱ्याच्या मनात जे असेल ते.’

हे मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात सांगत आले आहे, फळ्याकडे तोंड करून. कुणी कधी त्यावर दुसरा प्रश्न विचारला नाही. मग तुम्ही जे बोललात ते सगळं मराठीत बोललात. मीही तुम्हाला त्या दिवशी अडवलं नाही.

‘मी कंपनीत लागलो तवा शिफ्ट म्हंजी काय, घरात कुनाला ठावं न्हवतं. आठवड्याला झोप बदलायची. रातपाळी करून दिसा झोपायचो. तर ही पोरांना काखंत मारून मळ्यात जाऊन बसायची, उन्हात, घरात आवाज नको म्हणून. म्हातारी जाग्यावर पडून व्हती, तिचं बी हिनंच केलं. आन् सगळं घर हिला अगं, तुगं. मी बी. आजून बी. येकदा हिला तुमी म्हणून बगितलं. पावण्यांसमोर. म्हणलं, तुमी बसा, च्याचं मी बगतो. भावकी आजून हसतीय, म्याडम. ती बी भडकली. म्हणली, माझी चेष्टा लावलीय का.’

मग तुम्ही वर बघितलंत. ‘इंग्रजीत म्हणलं तर कुनाला कळतंय?’

सोपानराव, त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. तो मी दाखवला नाही, कारण लगेच पुढच्या आठवड्यात तुम्ही नवीन डोकेदुखी घेऊन आलात. घरी काय बोलता ते म्हणून दाखवलंत. ‘यू सिट. यू ईट फर्स्ट. यू नो वर्क.’ मी डोक्याला हात लावला. आज्ञार्थी वाक्यात यू लावत नाहीत, नुसतं ‘सिट’ म्हणायचं, किंवा ‘प्लीज सिट’. ‘यू सिट’ म्हटलं तर ते दटावल्यासारखं लागतं, मास्तर वांड पोराला बोलतो तसं. मान द्यायला निघालात आणि अपमान करून बसलात, असं मी तुम्हाला सांगितलं.

‘ती काय इंग्लंडची हाय का, तिला दटावल्यागत लागायला?’

‘पण व्याकरण—’

‘तुमचं व्याकरण काय म्हणतंय, नुसतं ईट म्हणा. म्हंजी ज्या शब्दासाटी मी येवढं शिकलो तोच काढून टाका, आसंच ना?’

यावर मी पुन्हा लातूर गाठलं. आपलं हे भांडण तेव्हापासून लोंबकळत राहिलं. मी दर वेळी ‘यू’ खोडायची आणि तुम्ही दर वेळी परत लावायचात. खरं सांगते, आजही मी ते खोडीन.

पण मी एक गोष्ट बरोबर सांगत होते आणि तीच तुम्ही ऐकली नाहीत. मी विचारायची, ‘मंदाताईंना अर्थ सांगितलात का?’ तुम्ही म्हणायचात, कांदा निघू द्या. कांदा निघाला. मग दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली, तुम्ही मला चिवडा आणून दिलात आणि अर्थ तसाच तुमच्याजवळ राहिला. ज्या माणसानं परदेशी साहेबासमोर उभं राहून सगळ्या लाइनची माहिती धडाधड सांगितली, त्याला स्वतःच्या ओसरीवर एक वाक्य बोलता येईना. एकदा मी चांगलीच तापले. म्हटलं, तुम्हाला भीती तरी कसली वाटते? तुम्ही खाली बघून म्हणालात, ‘म्याडम, त्ये मराठीत सांगावं लागंल.’

तुम्ही गेल्याचं मला तुमच्या कंपनीतून कळलं. त्या ऑडिटर साहेबाला ईमेलनं कळवायचं होतं, तर दोन ओळी बघून द्याल का, असं एका मुलानं फोनवर विचारलं. त्यानं वाचून दाखवलं. तुमच्याबद्दल ‘ही वॉज’ असं होतं, हे बरोबरच होतं. ते ऐकून मला कसंतरी झालं. माझ्या जेवणाच्या टेबलाशी हेल्मेट घेऊन बसलेला माणूस आणि त्याच्या नावापुढे ते एकेरी, कोरडं ‘ही’. क्षणभर मनात आलं, ‘दे’ करून टाकावं, तुम्हाला आवडेल. पण मी नाही केलं. ‘ही’च ठेवलं. त्या साहेबानं पुन्हा विचारलं असतं, किती जण गेले म्हणून. तुम्ही असता तर यावर निदान तासभर वाद घातला असतात. बाकी सगळे माझ्यासमोर मान डोलावतात, सोपानराव. तुम्ही वाद घालायचात, म्हणून या वयात मलाही नीट विचार करावा लागायचा. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे तुम्हाला समोर सांगितलं असतं तर तुम्ही चढून बसला असतात.

तेरावा झाल्यावर काल मी निघोज्याला गेले. रिक्षानं गेले, तुमच्या त्या चौकात धूळ खाल्ली. तुम्ही भाड्यानं दिलेल्या खोल्यांत राहणारी कंपनीतली पोरं कामावर गेली होती. मंदाताई मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी बसवलं. मला वाटलं होतं विषय कसा काढावा. तो त्यांनीच काढला.

‘म्याडम, त्ये मला यू यू करायचे, त्ये काय वो? सूनबाय म्हणली, यू म्हंजी तू. मंग तू म्हणतच व्हते की जलमभर. इंग्रजीत म्हणायला तुमच्याकडं कशाला यायचे इतक्या लांब?’

सूनबाई शिकलेली आहे, तिचं चुकलेलं नाही. पण मला तिचा जरा रागच आला. मी म्हटलं, ‘मंदाताई, यू म्हणजे तुम्ही.’

त्या लसूण सोलत राहिल्या. त्यांना वाटलं असावं, मी समजूत काढते आहे. मग मी सगळं सांगितलं. मळ्यातलं ऊन, म्हातारीचं आजारपण, पाहुण्यांसमोर झालेलं हसं, सगळं, तुम्ही सांगितलं होतं तसं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं आणि बोलणाऱ्याच्या मनात जे असेल ते धरायचं, हेही सांगितलं. तुमच्या मनात ‘तुम्ही’ होतं, हे मला तुम्ही स्वतः सांगितलंत, हे दोनदा सांगितलं. तुमचं काम केलं मी, सोपानराव. मला ते तुमच्यासारखं जमलं नसेल. त्या रडल्या नाहीत. हातातली पाकळी तशीच धरून बसल्या.

मग म्हणाल्या, ‘आन् मी म्हणलेलं?’

‘तुम्ही काय म्हणालात?’

‘त्ये म्हणायचे, यू ईट. मंग मी बी म्हणायची, यू ईट. आदी चेष्टेनं म्हणली. मंग रोजचंच झालं. यू कम, यू गो, यू स्लीप. सगळ्यांदेखत म्हणायची, पोरं बी हसायची. त्यांना लई बरं वाटायचं. मंग म्याडम, माझं त्ये काय झालं? तू का तुमी?’

मी म्हटलं, ‘तुमच्या मनात जे असेल ते.’

त्यांनी आत सूनबाई कुठे आहे ते बघितलं. मग पदर तोंडाशी धरून, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, ‘तू.’

हे ऐकायला तुम्ही थांबायला हवं होतं, सोपानराव.